मिस युला ग्रिम्बॉल, गैरहजर

"मॅम, तुमच्या केसांचं पाणी यादीवर गळतंय."

मी दचकून मान वर केली. टेबलापलीकडे एक उंच, उन्हानं रापलेला गोरा माणूस हातात टिपकागद घेऊन उभा होता. बाहेर खाडीवरून येणारा फेब्रुवारीचा बारीक पाऊस… छत्री मी गाडीतच विसरले होते. माझ्या केसांतलं पाणी टपटपत होतं ते थेट त्या कागदावर, आणि तो कागद म्हणजे त्या संध्याकाळी मार्लो पॉइंटच्या शाळा मंडळापुढे बोलणाऱ्यांची यादी.

"कोरिंथिया मॅनिगो, बदली शिक्षिका," त्यानं टिपकागद दाबता दाबता वाचलं. "नोकरी लिहायची गरज नसते."

"मग खोडू?"

"राहू द्या. तुमच्या अक्षरात बरी दिसतेय."

हसावं की रागवावं, मला कळेना. त्याच्या छातीवर नावाची पट्टी होती: अ‍ॅम्ब्रोज लगरी, मंडळाचा कारकून. म्हणजे त्यांचा माणूस. मी हसू आवरलं. टेबलापलीकडच्या माणसाला लगेच हसून दाखवायचं नाही, हे आम्हा काळ्यांच्या घरात कुणी शिकवत नाही. ते दुधाबरोबरच येतं.

पण एक गोष्ट मी पाहिली. मला सगळ्या गोष्टी पाहायची खोडच आहे — दारं किती, खिडक्या किती, कुठली उघडी… यादीत माझ्या नावाच्या वर एक नाव होतं. मिस युला ग्रिम्बॉल. तिरकं, गोलाईदार, सगळी अक्षरं एका उंचीची. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेल्या हाताचं अक्षर. माझं नाव पाण्यानं फुगून पसरलं होतं. तिच्या नावावरही तेच पाणी पडलं होतं. ते मात्र जसंच्या तसं होतं, कोरडं ठणठणीत.

मी तिथे आले होते नाओमीसाठी. नाओमी माझी मुलगी, सात वर्षांची. तिचा बाप जॅक्सनव्हिलला कामाला गेला तो तिकडचाच झाला. आम्ही दोघीच असतो. जानेवारीत तिच्या वर्गात 'माझ्या घरच्यांची शाळा' असं पान लिहायचं होतं. नाओमीनं लिहिलं, की माझ्या पणजीची शाळा आता जिथे मंडळाच्या गाड्या उभ्या असतात तिथे होती, फक्त काळ्या मुलांची. ती एका उन्हाळ्यात बंद केली आणि बाकं जाळली. पान भिंतीवर लागलं. मग कुणा पालकाची तक्रार आली. पान भिंतीवरून उतरलं, आणि बाईंनी तिला जवळ घेऊन, अगदी मायेनं सांगितलं, "हे शाळेत बोलायचं नसतं हं, राणी."

नाओमी शहाणी मुलगी. तिनं ऐकलं. जरा जास्तच नीट ऐकलं. शाळेत काय बोलायचं नाही हे तिला नक्की कळलं नसावं, म्हणून तिनं शाळेत काहीच बोलायचं नाही असं ठरवलं. मग शाळेच्या बसमध्ये. मग दुकानात, चर्चमध्ये. आता ती फक्त घरात बोलायची, तेही दार लावलंय ना हे बघून, माझ्या कानाशी.

मला मंडळाला एवढंच सांगायचं होतं. पण त्याच मंडळाकडे माझा करार होता, दरवर्षी जूनमध्ये नव्यानं व्हायचा. मुख्याध्यापकांनी मला व्हरांड्यात गाठून म्हटलं होतं, "ज्यांना धीर धरता येतो, कोरिंथिया, त्यांचं सगळं सुरळीत होतं." अगदी हसून म्हटलं होतं.

सभा सुरू झाली. अध्यक्ष मिस्टर प्रेलोंनी यादी उचलली.

"मिस युला ग्रिम्बॉल."

कुणी उठलं नाही.

आमच्या मंडळाची एक जुनी रीत आहे. फार वर्षांपूर्वी त्यांनी एका माणसाला मधेच खाली बसवलं, तो कोर्टात गेला, आणि तेव्हापासून नियम झाला: यादीत नाव असेल तर पुकारायचं, आणि पुकारलं की पुढची तीन मिनिटं त्या माणसाची. तो आला तर, न आला तर, बोलला तर, रडला तर. कुणी कापायची नाहीत.

म्हणून अ‍ॅम्ब्रोजनं आपल्यापुढच्या, वेळ दाखवणाऱ्या दिव्यांच्या पेटीचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. रिकाम्या स्टँडवर, वाकड्या मानेच्या माईकवर तो हिरवा उजेड पडला… आणि पन्नास माणसं गप्प बसून राहिली. माईक चालू होता. त्यातून बारीक खरखर येत होती, कुणी बोलायच्या आधी श्वास घेतं ना, तशी. बाजूच्या बंद दाराची, ढकलून उघडायची आडवी दांडी एकदा हळूच वाजली. मग पिवळा. मग लाल. खडूच्या भुकटीचा वास आला, आणि गेलाही.

"गैरहजर," प्रेलो म्हणाले. "मिसेस मॅनिगो."

मी उठले. स्टँडशी गेले. माईक माझ्या छातीशी होता — इतका खाली, की जणू आत्ताच एखादी ठेंगणी बाई बोलून गेली. मी तो वर केला. तोंड उघडलं. मुख्याध्यापक दुसऱ्या रांगेत बसले होते, हसत.

"मी… माझा वेळ सोडते," मी म्हटलं.

बाहेर थंड पेयांच्या यंत्राशी मी उगाच उभी होते. मागून आवाज आला. "ते बटण दाबलं तर द्राक्षाचंच येतं. कुठलंही दाबा, द्राक्षाचंच."

"तुम्ही नेहमी लोकांच्या मागून येता का?"

"पुढून आलो तर लोक वेळ सोडून जातात, मॅम."

माझे डोळे भरून आले होते, तरी मला हसू आलं. मेल्याच्या डोळ्यांत खाडीचं पाणी होतं, भरतीचं… आणि ते माझ्या पाठीमागच्या मुख्याध्यापकांकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

"पुढच्या महिन्यात या," तो हळू म्हणाला. "यादी सहाला उघडते. मी पावणेसहाला असतो."

"हे मला का सांगताय?"

"सांगायचं नव्हतं," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

मार्चमध्ये मी पावणेसहाला गेले. नाव होतंच. मिस युला ग्रिम्बॉल, तेच अक्षर. पुन्हा तीन मिनिटं, पुन्हा ती खरखर. पण या वेळी मला वाटलं, ही तीन मिनिटं कुणीतरी माझ्यासाठी ठेवलीत. श्वास घ्यायला. त्या शांततेत अ‍ॅम्ब्रोज पेटीवरून मान वर करायचा, मी खालून पाहायची. बाकीचे जमिनीकडे बघत असायचे. तीन मिनिटं कुणाकडे नुसतं बघणं किती लांब असतं, ते तुम्ही कधी केलं नसेल तर कळायचं नाही… हिरव्यात मी नजर चोरायची, पिवळ्यात तो, आणि लालपर्यंत दोघंही थांबायचो.

मार्चमध्ये आणि एप्रिलमध्येही, शेवटी मी पुन्हा वेळ सोडला. स्वतःची लाज वाटत घरी गेले.

"गोरा," माझी चुलतबहीण बर्निस माझे केस विंचरता विंचरता बोटांवर मोजायची, "त्यात मंडळाचा, त्यात कोळंबीवाल्यांच्या घरचा. देवानं तिन्ही एकाच माणसात घातलं ग, कोरी."

"मी काय लग्नाला चाललेय? दोन वाक्यं बोललो आम्ही."

"दोन वाक्यांसाठी कुणी कानामागे अत्तर लावत नाही."

एप्रिलच्या एका शनिवारी धक्क्यावर त्याच्या भावाच्या बोटीशी गाठ पडली. म्हणजे मी तिथेच कोळंबी घ्यायला गेले होते, गावात तीन दुकानं असताना. नाओमी माझा झगा धरून उभी होती. अ‍ॅम्ब्रोज टोपली उचलून आला, गुडघ्यांवर बसला, आणि तिला काहीच विचारलं नाही. इयत्ता कितवी, नाव काय, मांजरानं जीभ नेली का — काही नाही. नुसती एक जिवंत कोळंबी तळहातावर ठेवून दाखवली. दोघं बराच वेळ ती बघत राहिले. त्याच क्षणी मला कळलं, की मी आता यातून सुटत नाही.

"तुम्हाला मिस युला कोण, ते माहीत आहे?" त्यानं मला विचारलं.

"नाव ऐकलंय. आमच्या शाळेतल्या होत्या म्हणे."

"यादीत नाव दिसलं म्हणून मी मंडळाच्या सभांच्या जुन्या वह्या काढल्या." तो आवाज खाली आणून बोलू लागला. "अडुसष्ट वर्षांपूर्वी मंडळानं सगळ्या काळ्या शिक्षकांना एक कागद दिला होता. हक्कांसाठी लढणाऱ्या कुठल्या संघटनेत आहात का, गोऱ्या-काळ्या मुलांनी एकत्र शिकावं असं वाटतं का. मिस युलांनी कागद कोराच परत दिला. त्यांना काढलं. त्यांनी मंडळापुढे बोलायची वेळ मागितली. वहीत लिहिलंय: 'नाव पुकारले. गैरहजर.'"

"त्या घाबरल्या असतील," मी म्हटलं. ते मी कुणाबद्दल म्हणत होते, ते आम्हा दोघांनाही कळलं.

"पुढच्या पानावर आणखी एक ओळ आहे," तो म्हणाला. "काळ्यांना तेव्हा बाजूच्याच दारानं यायची मुभा होती ना? 'अध्यक्षांच्या सूचनेवरून बाजूचे दार सभेपूर्वी कुलूपबंद केले.' "

धक्क्यावर ऊन होतं, माणसं होती, घासाघीस चालली होती. तरी माझ्या अंगावर काटा आला.

"त्या आल्या होत्या तर," मी म्हटलं.

"दाराबाहेर उभ्या होत्या. आत नाव पुकारत होते, आणि त्या बाहेर होत्या."

मग म्हणाला, "ते नाव… लिहिणाऱ्याचं मला कौतुक वाटतं."

मी मनात म्हटलं, लबाड. स्वतःच लिहितोस आणि स्वतःचंच कौतुक. पण त्याची नोकरी जाईल म्हणून उघड म्हटलं नाही. "मलाही," म्हणाले. "पुढच्या महिन्यातही असेल ना?"

"तू म्हणशील तर असेल," तो म्हणाला. आणि एकेरीवर आल्याचं लक्षात येऊन त्यानं टोपली अशी काही उचलली, की अर्धी कोळंबी पाण्यात गेली. त्याच्या भावानं बोटीतून दिलेल्या शिव्या मी इथे लिहीत नाही.

मे महिन्यात नाओमीला सांभाळायला बर्निस नव्हती, म्हणून तिला सभेला घेऊन गेले. मिस युलांचं नाव पुकारलं. हिरवा दिवा लागला. माझ्या शेजारी काहीतरी हललं म्हणून पाहिलं, तर नाओमी ताठ बसली होती. पाय जुळवून, हात मांडीवर एकावर एक. जुन्या फोटोत मुलं बसतात तशी. असं बसायला तिला मी शिकवलेलं नाही, तिच्या शाळेनंही नाही. ती रिकाम्या स्टँडकडे बघत होती, आणि मधूनच मान हलवत होती… हो म्हणावं तशी.

मी तिला उचललं आणि बाहेर पळाले. माझं नाव पुकारलं तेव्हा मी गाडीत होते, दारं आतून लावून. खिडकीवर टकटक झाली तेव्हा मी किंचाळलेच.

"मी आहे. अ‍ॅम्ब्रोज." सभा सोडून तो आला होता. "ऐक. जूनमध्ये ते नियम बदलताहेत. यापुढे विषय आधी लिहून द्यायचा, मंजूर झाला तरच बोलायचं. जूनची सभा शेवटची."

"माझा करारही जूनमध्येच आहे."

"माहीत आहे."

"मग बोलू की नको, तूच सांग!"

"मी कारकून आहे, कोरी. मला फक्त बटण दाबता येतं." त्याचा चेहरा असा काही झाला, की मलाच त्याची कीव आली. "तू एक महिना बोलू नकोस, दहा वर्षं बोलू नकोस… मी पावणेसहाला असेनच. एवढंच मला सांगता येतं."

जूनच्या त्या संध्याकाळी सूर्य अजून बराच वर होता. सभागृहाच्या खिडक्यांतून पिवळं ऊन येत होतं, तरी आत विहिरीसारखं गार होतं. मिस युलांची तीन मिनिटं झाली. "गैरहजर." मग माझं नाव. नाओमीला बर्निसच्या मांडीवर देऊन मी उठले. माईक आजही खालीच होता. तो वर करताना त्याची मान मला कोमट लागली, कुणाच्या तरी हातातून नुकतीच सुटल्यासारखी.

मुख्याध्यापक हसत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि या वेळी नजर काढून घेतली नाही.

"माझी मुलगी सात वर्षांची आहे," मी म्हटलं. "तिनं तिच्या पणजीच्या शाळेबद्दल एक पान लिहिलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. तुम्ही ते उतरवलंत आणि तिला सांगितलंत, हे बोलायचं नसतं. तेव्हापासून ती बाहेर एक शब्द बोललेली नाही. पाच महिने. तुम्ही तिला बोलती करा असं मी म्हणत नाही, ते मी करीन. तुम्ही फक्त एवढंच सांगा, की खरं बोललेलं चालतं. तिला ऐकू जाईल असं सांगा."

मंडळातले सातही जण कागद चाळत होते. माझा हिरवा दिवा अजून जळत होता. माझं बोलणं एका मिनिटात संपलं होतं. उरलेली दोन मिनिटं मी तशीच उभी राहिले. सोडली नाहीत. माझी होती ती.

लाल दिवा लागला. "आभार," प्रेलो म्हणाले. "यादी संपली."

"नाही, साहेब," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला.

पाच महिन्यांत त्या सभागृहात त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तो पेटीमागून उठला, यादी ओढली, खाली आपलं नाव लिहिलं आणि यादी प्रेलोंपुढे ठेवली.

"तुम्ही मंडळाचे नोकर आहात, लगरी. विचार करा."

"नाव पुकारायचं असतं, साहेब. नियम आज आठच्या मतदानापर्यंत तोच आहे."

प्रेलोंनी नाव पुकारलं. अ‍ॅम्ब्रोज स्टँडशी आला. खिशातून जुन्या वहीच्या दोन पानांच्या नकला काढल्या. आणि तो बोलू लागला… भरभर, एका श्वासात, कुणी थांबवेल या भीतीनं. कोरा कागद. पुकारलेलं नाव. बाजूचं दार आणि त्याचं कुलूप. शेवटी म्हणाला, "नोंद दुरुस्त व्हावी. गैरहजर नाही. हजर, दाराबाहेर."

तेव्हा माझं लक्ष पेटीकडे गेलं. माझ्यासारखीच आणखी कुणाकुणाची नजर गेली, कारण सभागृह एकदम चिडीचूप झालं. अ‍ॅम्ब्रोज स्टँडशी उभा होता. पेटीमागची खुर्ची रिकामी होती.

हिरवा दिवा लागलेला होता.

आमच्या डोळ्यांदेखत तो पिवळा झाला. मग, नेमका वेळेवर, लाल. आणि बाजूच्या दाराची आडवी दांडी खाली दबली, दार वीतभर उघडलं, बाहेरचं ऊन फरशीवर एक पट्टा ओढून आत आलं… आणि दार हळूच, सभ्यपणे लागलं. प्रेलोंनी आधी दाराकडे पाहिलं, मग टेबलाकडे, आणि मग कुठेच पाहिलं नाही.

नियम पाच विरुद्ध दोननं बदलला. नाओमीच्या पानाचं नाव कुणी काढलं नाही. नोंदीबद्दल 'पुढे विचार करू' ठरलं. अ‍ॅम्ब्रोजची छातीवरची पट्टी तिथल्या तिथे काढून घेतली, आणि मुख्याध्यापक माझ्याशेजारून जाताना प्रथमच हसले नाहीत, त्यावरून मला माझ्या कराराचं कळलं.

गाड्यांच्या तळावर तो माझ्यापुढे उभा राहिला. एकाच संध्याकाळी दोघंही बेकार.

"एक विचारू?" मी म्हटलं. "पाच महिने तिचं नाव लिहिलंस. मला श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणून ना?"

तो बघतच राहिला. "मी? कोरी, मी कशाला लिहीन? यादी टेबलावर ठेवून मी वळतो न वळतो, तो नाव असायचंच. मार्चपासून मला वाटायचं, तू लिहितेस."

"मी का लिहू?"

"म्हणजे…" तो पुन्हा कानापर्यंत लाल झाला. "तीन मिनिटं आपल्याला बघता यावं म्हणून."

मला हसू फुटलं, आणि त्याच वेळी पाठीतून थंड शिरशिरी गेली. मी त्याचा हात धरला. भीतीनं धरला की प्रेमानं, ते मला आजही सांगता येणार नाही.

"अ‍ॅम्ब्रोज, मी फार घाबरट बाई आहे," मी म्हटलं. "रात्री तीनदा उठून कड्या बघते. कुणी हसलं तरी घाबरते. हे तुला आत्ताच कळलेलं बरं. तुला काही म्हणायचं असेल, तर हे जमेस धरून म्हण."

तो तोंड उघडणार, तेवढ्यात बर्निसचा हात सोडून नाओमी आमच्यामध्ये येऊन उभी राहिली. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. आणि मोकळ्यावर, चारचौघांत, मोठ्यानं आणि स्पष्ट म्हणाली:

"तुम्ही फार भरभर बोललात."

बर्निसच्या हातातली किल्ली खाली पडली. अ‍ॅम्ब्रोज मात्र हललाही नाही, जसा त्या कोळंबीपुढे बसला होता तसाच गुडघ्यांवर बसला आणि गंभीरपणे म्हणाला, "हो का? चुकलंच माझं."

"बाईंनी सांगितलंय तुम्हाला सांगायला. बरोबर बोललात. पण पुढच्या वेळी सावकाश."

"कुठल्या बाई, नाओमी?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

पण तिला भूक लागली होती. ती गाडीत जाऊन बसली, आणि मासे तळलेले की उकडलेले, यावर बर्निसशी तावातावानं भांडू लागली. उघड्या खिडकीतून, सगळ्या तळाला ऐकू जाईल अशी.

अ‍ॅम्ब्रोज उठला. झाडांची सावली आमच्या पायांपर्यंत आली होती. आम्ही दोघांनीही त्या बाजूच्या दाराकडे पाहिलं नाही. त्यानं माझा दुसराही हात हातात घेतला. एकदा घसा साफ केला.

"कोरिंथिया," तो म्हणाला. मग थांबला. श्वास घेतला.

आणि पुढचं सगळं त्यानं सांगितलं — एकेक शब्द, अगदी सावकाश.